मैदा घालणारी मुलगी

नदीकाठ, पश्चिम किनारा
१४ ऑगस्ट

प्रिय ब्रायर,

‘प्रिय’ लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून लिहिलं. रस्त्यातल्या खड्ड्यांची तक्रार करते तेव्हाही मी ‘प्रिय महोदय’ असंच लिहिते, आणि त्या महोदयांबद्दल माझं काय मत आहे ते अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक आहे. वर नदीचं नाव घातलेलं नाही, तेही विसरून नाही. कागद कुणाच्याही हाती पडतो. माझी आई हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला सहज विचारलं, तुम्ही मासे कुठे धरता हो? आई म्हणाली, ‘पाण्यात.’ अशा बाईची मी मुलगी आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

माझा उजवा गुडघा कामातून गेला. मे महिन्यात कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पाय घसरला आणि तेव्हापासून मी घरातल्या घरात काठी टेकत फिरते. डॉक्टर म्हणाला, नदीवरच्या ओल्या फळ्यांवर उभं राहणं आता बंद. मी विचारलं, किती दिवस? तर म्हणतो कसा, ‘दिवस नाही नोलीन, बंद म्हणजे बंद.’ त्याला काय जातंय बोलायला! सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला हंगाम उघडतो. त्याआधी, या महिनाअखेरीपर्यंत, मासेमारीच्या जागेच्या फॉर्मवर यंदा तिथे जाळं टाकणाऱ्याचं नाव लिहून पाठवायचं आहे. नाव गेलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार, कुणा अनोळखी माणसाला. आईने तो फळ्यांचा धक्का बांधला तेव्हा मी सहा वर्षांची होते. खिळे मी हातात धरून उभी होते. म्हणजे बघ, सत्तर वर्षं झाली. फॉर्म टेबलावर साखरेच्या डब्याखाली आहे आणि चिरंजीवांचे, म्हणजे केलनचे, या पंधरवड्यात तीन फोन येऊन गेलेत. एरवी नाताळला एक यायचा.

तुम्ही दोघं गेल्या ऑक्टोबरात आलात ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण तुमची ती व्हॅन फाटकातून आत येताना मी शेजारच्या मेरेआनाला म्हटलं होतं, ‘आला बघ तमाशा.’ खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आत दिव्यांच्या माळा, फळीवर मसाल्यांच्या बरण्या ओळीने लावलेल्या, आणि छताला टांगलेली लसणाची माळ. एवढा लसूण तर आमच्याकडे वर्षाला लागत नाही. क्राइस्टचर्चहून खिंड ओलांडून इथे यायला माणसाला एक दिवस पुष्कळ झाला. तुम्हाला पाच दिवस लागले. का, तर दर वळणावर थांबून डोंगराकडे बघायचं, धबधब्याकडे बघायचं, आणि मग डोंगराकडे आणि धबधब्याकडे बघणाऱ्या स्वतःकडे बघायचं. केलन गाडीतून उतरला, मला मिठी मारली, आणि मिठी सुटायच्या आत मागे वळून तुला विचारलं, ‘आलं का नीट?’ मला वाटलं, पोरगा आईबद्दल काही विचारतोय. तो कॅमेऱ्याबद्दल विचारत होता.

आणि तू. तुझ्याबद्दल माझं मत व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळही लागला नाही. ऑकलंडची मुलगी, पायात पांढरे बूट. ऑक्टोबरात, या चिखलात, पांढरे! चावऱ्या माश्या तुझ्या घोट्यांवर तुटून पडल्या आणि तू एकेक माशी हळूच फुंकून उडवत होतीस. मी मनात म्हटलं, ही संध्याकाळपर्यंत रडत गाडीत जाऊन बसणार. तू मला ‘मिसेस हॅगर्टी’ म्हणालीस. इथे पोस्टमन मला नोलीन म्हणतो, दुकानातल्या पोरी नोलीन म्हणतात, तो डॉक्टरसुद्धा नोलीन म्हणतो. घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी दुसऱ्या मिनिटाला सांगते की बाबा, नोलीन म्हण. तुला नाही सांगितलं. चार दिवस तू मिसेस हॅगर्टी, मिसेस हॅगर्टी करत राहिलीस आणि मी ते ऐकून घेत राहिले. मला ते बरं वाटत होतं, हेही आता लिहूनच टाकते.

मग तो स्वयंपाक! इंटरनेटवरचा तुमचा कार्यक्रम, ‘घरच्या चवीचा प्रवास’ म्हणे. नाव केलनने ठेवलेलं असणार, कारण घरी असताना त्याने आयुष्यात अंडंसुद्धा उकडलं नाही. कॅमेरा लागला तसा त्याने खुंटीवरचा व्हिन्सचा लोकरीचा शर्ट अंगात चढवला. बाप गेला तेव्हा मी तो शर्ट त्याला देत होते. तेव्हा त्याला ओल्या कुत्र्याचा वास येत होता. आता मात्र तोच शर्ट घालून, बाह्या दुमडून, माझ्या कोळशाच्या चुलीवर हात ठेवून साहेब जगाला सांगताहेत, ‘या चुलीपाशी मी लहानाचा मोठा झालो.’ खोटं नाही ते. चुलीपाशीच मोठा झाला, पण पाय शेकत. कोळसा कधी त्याने आणला नाही. चूल पेटवायची वेळ आली तेव्हा तू गुडघ्यांवर बसून, केस तोंडात घेऊन फुंकत होतीस आणि तो तुला सांगत होता, ‘जरा डावीकडे सरक, मी झाकला जातोय.’

आणि तू काय केलंस? मी सकाळी भरतीच्या पाण्यात तीन तास उभी राहून आणलेले मासे, कपभर, काडीएवढे, काचेसारखे, डोळे तेवढे काळे, अजून वळवळत असलेले, ते तुझ्या हातात दिले. त्याचं काय करायचं हे या किनाऱ्यावर शेंबडं पोरही सांगेल. एक अंडं फेटायचं, मासे त्यात सोडायचे, तव्यावर लोणी, पोळी उलटायची, पांढऱ्या पावात घालायची, मीठ, मिरपूड, संपलं. तू व्हॅनमधून पिशवी आणलीस आणि त्यात मैदा घातलास. एक चमचा नाही, दोन मुठी! वर कोथिंबीर, मिरची आणि नारळाचं दूध. मी आयुष्यात प्रेतं पाहिली आहेत, पूर पाहिलेत, पण माझ्या वाडग्यात मैदा पडताना पाहून माझे हातपाय गार पडले. मेरेआना दारात उभी होती, ती क्रॉसची खूण करून परत घरी गेली. तुझ्या त्या पोळीत मासा शोधायला भिंग लागलं असतं. मी म्हटलंच तसं. तू हसलीस आणि म्हणालीस, ‘आमच्या घरी सात माणसं आणि माशाचा एक डबा असायचा, मिसेस हॅगर्टी. आजी मैदा घालून सगळ्यांना पुरवायची. हाताला सवयच झालीय.’ त्यावर मी काय उत्तर दिलं ते तू विसरली नसशील. मी म्हटलं, ‘तुमच्याकडे पोटं भरायची असतील. आमच्याकडे जेवतात.’ केलन खो खो हसला. तू वाडगा खाली ठेवलास आणि विचारलंस, मग तुम्ही कशी करता ते दाखवाल का? मी दाखवली. तू तव्याकडे बघत होतीस, कॅमेऱ्याकडे नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला तेव्हा फक्त पांढरे बूट दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तुला धक्क्यावर नेलं. न्यायचं नव्हतं मला. केलन मागे लागला म्हणून नेलं. वाटेत मी तुम्हा दोघांना एकच गोष्ट सांगितली, आणि दोनदा सांगितली. जाळं दाखवा, पाणी दाखवा, पाण्याच्या तळाशी टाकलेली पांढरी फळी दाखवा, तिच्यावरून मासा सरकताना कसा दिसतो ते खुशाल दाखवा. डोंगर दाखवायचा नाही. त्या डोंगराची एक कड वीस वर्षांपूर्वी दरड कोसळून उघडी पडली आहे, आणि या किनाऱ्यावर जाळं हातात धरलेला कुणीही माणूस ती दरड बघून नदी ओळखेल, वळण ओळखेल, आणि आमचा धक्का कितवा तेही सांगेल. मासे किती मिळाले हे इथे सख्ख्या भावाला सांगत नाहीत, कुठे मिळाले ते तर सोडूनच दे. कुणी विचारलंच तर ‘जेवणापुरते’ म्हणायचं, मग बादली भरून वाहत का असेना. तू मान हलवलीस. केलन म्हणाला, ‘हो गं आई, माहितीय.’

त्या दिवशी तू चार तास उभी राहिलीस. जाळ्यापासून लांब जायचं नाही असा नियम आहे, तर तू खरोखरच लांब गेली नाहीस. केलन मात्र एकदा थर्मास आणायला आणि एकदा ‘उजेड बघायला’ निघून गेला. एक वेका पक्षी येऊन तुझं लिंबू पळवून घेऊन गेला, तर तू त्याच्यामागे धावलीस आणि रिकाम्या हाताने परत येऊन म्हणालीस, ‘त्याला माझ्यापेक्षा जास्त गरज असेल.’ मूर्ख मुलगी, असं मी मनात म्हटलं. वेकाला लिंबाची काय गरज? तरी मला हसू आलं. मी तोंड फिरवलं, तुला दिसलं नसेल.

पुढचं आता सरळ सांगते. तुम्ही दक्षिणेला निघून गेलात. आठवड्याभराने एका सकाळी आमच्या धक्क्याच्या खालच्या अंगाला काठावर माणसं उभी. पहिल्या दिवशी तीन, शनिवारी अकरा. गाड्या गवतात घातलेल्या. मार्च-एप्रिलात मासा येऊन ज्या गवतात अंडी घालतो, तेच गवत चिखलात तुडवून टाकलं. मेरेआनाने एकाला विचारलं, तुम्हाला ही जागा कुणी सांगितली? तो म्हणाला, ‘इंटरनेटवर एक जोडपं आहे, खाण्याचं दाखवतं. मागे ती दरड दिसली, मग काय.’ त्या हंगामात आमच्या जाळ्यात उरलंसुरलं आलं. महिनाअखेरीला तुम्ही परतीच्या वाटेवर इथे थांबलात, तेव्हा मी तयारच होते.

मी तुला काय काय बोलले ते पुन्हा लिहीत नाही. तुझ्या जन्माबद्दल बोलले, तुझ्या शहराबद्दल बोलले, तुझ्या आजीच्या मैद्याबद्दलही बोलले. म्हटलं, सत्तर वर्षं आम्ही तोंड मिटून जे जपलं ते तू चार टाळ्यांसाठी विकलंस. तुझं तोंड लाल झालं. तू एकदा केलनकडे बघितलंस. तो फ्रिज उघडून आत बघत उभा होता. माझ्या फ्रिजमध्ये तेव्हा दूध आणि लोणी एवढंच होतं, पण तो इतका वेळ बघत होता की जणू आत धबधबा आहे. मग तू म्हणालीस, ‘सॉरी, मिसेस हॅगर्टी.’ एवढंच. तवा घासलास, पुसलास, त्याच्या खिळ्याला अडकवलास, आणि गाडीत जाऊन बसलीस. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून वाचा बसली.

नाताळात केलनने फोनवर सांगितलं की तुमचं फाटलं. मी म्हटलं, बरं झालं, ब्याद टळली. तो म्हणाला, ‘बाहेरची होती गं, तिला आपलं काय कळणार?’ आणि मी म्हटलं, अगदी बरोबर. जानेवारीत तुझं कार्ड आलं. ‘चार दिवस घरात ठेवून घेतलंत आणि पोळी करायला शिकवलंत, त्याबद्दल आभार. ब्रायर.’ मागे याच किनाऱ्यावरच्या होकिटिकाचा पत्ता. मेरेआना म्हणाली, तिथल्या बेकरीत काम करते ती, पहाटे पाव भाजते. मी म्हटलं, ऑकलंड सोडून हिचं इथे काय पुरलंय? कार्डाला उत्तर दिलं नाही. पण ते फेकलंही नाही, घड्याळामागे खोचून ठेवलं. इतके महिने तुझा विषय निघाला की मी तुला ‘ती मैदा घालणारी’ असंच म्हणत आले. मेरेआनाही म्हणायची. नाव कुणी घेत नव्हतं.

आता गेल्या मंगळवारचं. गुडघ्यामुळे मी खुर्चीत अडकलेली, बाहेर पाऊस, म्हणून मेरेआना दुपारी तिच्या नातीचा टॅब घेऊन आली. म्हणाली, तुझ्या लेकाचे प्रताप बघूया, तेवढीच करमणूक. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या घरात रेडिओ आहे आणि तो पुरतो. चाळीस मिनिटांचा कार्यक्रम होता. केलन बोलतोय, केलन चालतोय, केलन समुद्राकडे पाठ करून उभा आहे. बापाच्या शर्टाला सारखा हात लावतोय. पोळी तू करतेयस आणि चव तो सांगतोय. आम्ही दोघींनी हसून हसून डोळे पुसले. शेवटी गाणं लागलं, अक्षरं वर सरकली, मेरेआना टॅब बंद करायला गेली, पण तिचं बोट कुठेतरी भलतीकडेच पडलं आणि ते पुढे चालूच राहिलं. गाणं संपल्यावरही काही मिनिटं चित्र होतं. कापायचं राहून गेलेलं असणार. स्वतःचा कार्यक्रम शेवटपर्यंत बघण्याइतकी चिकाटी त्याच्यात नाही, मग दुसरं कोण बघणार?

धक्का दिसत होता. तुझा आवाज होता, ‘नको रे, डोंगर नको. कॅमेरा खाली घे. त्यांनी दोनदा सांगितलंय.’ केलन म्हणाला, ‘अगं सगळी मजा त्या दरडीतच आहे.’ तू म्हणालीस, ‘केलन, लोक ओळखतील. ही त्यांची जागा आहे.’ मग माझा मुलगा म्हणाला, ‘आईला कुठे कळणार आहे? रेडिओ ऐकत बसते म्हातारी. तिचे आता किती हंगाम राहिलेत? दोन? मग जागा माझीच आहे, हवं ते दाखवीन.’ चित्र हललं, आभाळ दिसलं, तुझा पांढरा बूट दिसला, चिखलाने काळा झालेला, आणि मग समोर ती दरड आली, स्पष्ट, पूर्ण. मागे तुझा आवाज येत होता, ‘दे इकडे, दे म्हणते ना.’ मेरेआनाने टॅब उलटा करून मांडीवर ठेवला.

मग मी त्या दिवसाचा हिशोब मनात लावत बसले. तू केलनकडे बघितलंस ते मदतीसाठी नव्हे. आपण सांगायचं का, हे तू त्याला विचारत होतीस. आणि त्याने फ्रिजमध्ये तोंड घातलं. तू दोन वाक्यांत सुटली असतीस. पण ती दोन वाक्यं बोलायची म्हणजे मला सांगावं लागलं असतं की मी नाही, तुमच्या मुलाने दाखवली, आणि मग मी विचारलं असतं, का? काय म्हणाला तो? मी सोडलं नसतं, तू मला चार दिवस पाहिलं होतंस. म्हणून तू सॉरी म्हणालीस आणि तवा घासलास. माझ्या शिव्या खाल्ल्यास, पण ते ‘म्हातारी’ माझ्या कानावर येऊ दिलं नाहीस. मी तुझी कोण होते? बुटांवरून माणूस ठरवणारी एक खवट बाई. माझ्या पोटच्या पोराला माझी जेवढी चाड नव्हती तेवढी तुला होती. ब्रायर, मला लाज वाटते. हे वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

केलनचा तिसरा फोन परवा आला. त्याला फॉर्मवर नाव हवंय. प्रवाशांना गाड्या भरभरून आणणार, त्यांना जुन्या पद्धतीची मासेमारी दाखवणार, धक्क्यावर कंदील लावणार, व्हिन्सचे शर्ट शिवून घेणार, एकसारखे बारा. मी विचारलं, आणि जाळं कोण टाकणार? तो म्हणाला, ‘ते बघू गं, माणूस ठेवू.’ मग मी त्याला ते शेवटचं सगळं ऐकल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता माफी मागेल. तो म्हणाला, ‘अरे देवा, ते अजून तिथेच आहे? काढायला हवं.’ मी फोन ठेवला. तुच्छ माणूस आहे गं. आणि मी त्याची आई आहे. दुसऱ्याला कस्पटासमान लेखायचं, वर त्यावर हसायचं, हे तो कुठे शिकला ते शोधायला मला स्वयंपाकघराबाहेर जावं लागलं नाही. ‘तुमच्याकडे पोटं भरायची असतील’ म्हटल्यावर खो खो हसणारा तोच होता, पण बोलणारी मी होते.

आता एक गोष्ट सांगते, जी मी व्हिन्सलाही सांगितली नव्हती. मी दहा वर्षांची असताना लाकडाची गिरणी बंद पडली, बाबा घरी बसले, आणि त्या वर्षी नदीला मासाही आला नाही. आम्ही पाच भावंडं. आई संध्याकाळी दार लावायची, पडदा ओढायची, आणि वाडग्यात मैदा घालायची. पडदा कशासाठी, तर मेरेआनाच्या आईच्या खिडकीतून आमचं टेबल दिसायचं. मला बजावलेलं असायचं, बाहेर बोललीस तर याद राख. ती पोळी जाड व्हायची, मधे जरा पिठूळ लागायची. आम्ही तव्यावरचे तुकडेसुद्धा खरवडून खायचो. इतकी चांगली पोळी मी पुन्हा कधी खाल्ली नाही. तू त्या दिवशी मैद्याची पिशवी उघडलीस आणि मला माझ्या आईचे हात दिसले. म्हणून तर मी एवढी चवताळले. तुझी पोळी मी तुमच्यासमोर थुंकल्यासारखं करून बाजूला सारली. तुम्ही फिरायला गेल्यावर ती मी उभ्याउभ्या संपवली. कोथिंबीर मात्र वाईटच होती, त्यावर मी ठाम आहे.

तर हे पत्र कशासाठी, ते. परवा मी चष्मा लावला, चांगलं पेन घेतलं, साखरेचा डबा उचलून बाजूला ठेवला आणि फॉर्म भरायला बसले. ‘जाळं टाकणाऱ्याचं पूर्ण नाव’ असा रकाना आहे. मी लिहिलं, ब्रायर. आणि पुढे हात थांबला. तू चार दिवस माझ्या घरात राहिलीस, माझी चूल फुंकलीस, माझा तवा घासलास, आणि मी तुला तुझं आडनाव विचारलं नाही. तुझ्या कार्डावरही नाही. मेरेआना म्हणते, बेकरीला फोन कर, ते सांगतील. मी म्हटलं, नाही, ते तिच्या हातून यायला हवं. मी तुला काही देतेय असं समजू नकोस. दोन महिने पहाटे गार पाण्यात उभं राहायचं काम आहे, वर मी खुर्ची टाकून काठावर बसणार आणि तुझ्या प्रत्येक हालचालीला नावं ठेवणार. पांढरे बूट घालून आलीस तर नदीत फेकीन. मैदा आणायचा असेल तर आण, फक्त दार लावून घाल, पडदा ओढून घे, अजूनही त्या खिडकीतून आमचं टेबल दिसतं. यायचं असेल तर एका कागदावर आपलं आडनाव लिहून पाठव. यायचं नसेल तर काही पाठवू नकोस, माझं मला समजेल, आणि तुला दोष देणार नाही. महिनाअखेरीला तो फॉर्म मी ‘ब्रायर’ एवढ्याच नावाने पाठवीन. अर्धं नाव म्हणून ऑफिसवाले तो परत पाठवतील, जागा जाईल. जाऊ दे. दुसरं नाव मी त्यात लिहिणार नाही.

तुझी,
नोलीन
(मिसेस हॅगर्टी नाही. नोलीन.)